भरावावरच्या बाभळी तोडायच्या की ठेवायच्या? (गावचा पाझर तलाव, सुगरणी आणि येळवसची गर्दी)

तावरजाकाठ

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

औसा तालुक्यात आमचं गाव. गावाच्या उत्तरेला पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळी कामावर झालेला. मातीचा भराव तीनेकशे मीटर, मधोमध तीन पुरुष उंच, पूर्वेच्या अंगाला जादा पाणी बाहेर जायला मुरमात कोरून काढलेला सांडवा. सरकारी कागदात त्याला क्रमांक आहे, गावात नुसतं 'तळं' म्हणतात. त्याच्या पाण्यावर थेट एक गुंठाही भिजत नाही, पण खालच्या शिवारातल्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तग धरतात ते त्याच्यामुळं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात तळ्याच्या तळात हात जाईल एवढ्या भेगा होत्या.

आणि २०२५ च्या सप्टेंबरात नेमकं उलटं. तो पाऊस मराठवाड्यात सगळ्यांनीच पाहिला. सांडवा रात्रभर वाहिला तरी पाणी चढत गेलं, भरावाचा माथा जेमतेम हातभर उरला. खालच्या वस्तीतली माणसं लेकरंबाळं घेऊन शाळेत जाऊन बसली. पुढं पाहणीला साहेब आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "हे जंगल आधी काढा."

जंगल म्हणजे भरावाच्या दोन्ही उतारांवर आपोआप उगवलेल्या देशी बाभळी, वेडी बाभूळ, दोन-तीन लिंब आणि घाणेरी. साहेबांचं म्हणणं चूक असेल असं नाही, पण पाण्यावर वाकलेल्या बाभळींवर सुगरणींची मोठी वसाहत आहे. मृगाचा पाऊस पडून रान हिरवं झालं की नर शेजारच्या उसाच्या पानाला चोचीनं चीर पाडतो, लांब पट्टी ओढून काढतो आणि ती तोंडात धरून तळ्यावरून उडत येतो. अर्ध्यावर आलेल्या खोप्यात आतून ओल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात, ते खाली पडलेल्या खोप्यात मी हात घालून पाहिलेत. दिवाळीनंतर हळदी-कुंकू बदकं, थापट्या, तलवार बदकं, वारकरी पक्षी येतात. एखाद्या वर्षी चक्रवाकाची जोडी. कडेच्या चिखलात शेकाटे आणि धोबी. टिबुकल्या बारमाही. अंधार पडता पडता रोही (नीलगायी) आणि कोल्हे पाण्यावर उतरतात.

माणसंही आहेतच. सकाळी फिरणारे, उन्हाळ्यात डुंबणारी पोरं, पोळ्याला बैल धुणारे. आणि वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसला, दुपारी भज्जी-आंबील खाऊन जड झालेला अर्धा गाव पाहुण्यांसकट तळ्यावर. ग्रामपंचायतीच्या डोक्यात आता सुशोभीकरण आलंय: भरावाच्या माथ्यावर पेव्हर ब्लॉक, बाकडी, दिव्याचे खांब, शिवाय एक पायडल बोट.

तर बाभळींचं काय करावं? आणि बाकीच्याचं?

जुना_ओव्हरसियर

तुमच्या साहेबांचं बरोबर आहे. पण 'काढा' म्हणून निघून गेले असतील तर अर्धंच सांगितलं.

भराव म्हणजे मातीचा ढीग नव्हे. आत काळ्या मातीचा गाभा असतो, बाहेर मुरमाचं आवरण. काळी माती पाणी अडवते, पण उन्हात तडकते, म्हणून तिला मुरमानं झाकायचं. गाभ्याच्या खाली चर खोदून त्यातही काळी माती ठोकून भरलेली असते, नाहीतर पाणी भरावाखालून निसटतं. पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. कोरड्या अंगाला पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू, झिरपलेलं पाणी माती न नेता बाहेर पडावं म्हणून. बहात्तरच्या कामांवर यंत्रं कमी आणि डोक्यावर पाट्या वाहणारे हात जास्त. दबाई सगळीकडे सारखी झाली असेल असं धरून चालू नका.

झाडाचं मूळ ओलीकडं जातं, म्हणजे गाभ्याकडं. ते जिवंत असतं तोवर फार त्रास देत नाही. झाड मेलं किंवा तोडलं की मूळ आतल्या आत कुजतं आणि त्याच्या जागी नळी तयार होते. पुढं तळं भरलं की पाणी त्या नळीनं वाट काढतं आणि जाताना मातीचा एकेक कण घेऊन जातं. शिवाय झाड वादळात उन्मळलं तर भरावाचा लचका घेऊनच पडतं. तिसरं असं की झाडोऱ्यात भेग, ओल, बीळ काहीच दिसत नाही.

म्हणून नुसती कुऱ्हाड लावून बुंधे सोडून देणं हे सगळ्यात वाईट. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतची झाडं मुळासकट उपटा आणि खड्डे ठोकून भरा. मांडीएवढ्या बुंध्याची झाडं मार्च-एप्रिलमध्ये, पाणी उतरल्यावर, माहीतगार अभियंता समोर उभा असताना काढायची. मोठी मुळं काढायची, खड्ड्याच्या कडा उतरत्या करायच्या, तिथं होती त्याच जातीची माती वीतभर जाडीच्या थरांत, ओलावून, ठोकत भरायची. तळं भरलेलं असताना भरावात खड्डा करायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी. वेडी बाभूळ बुंध्यातून पुन्हा फुटते, तिची मुळी राहिली तर पुढच्या पावसाळ्यात पहिले पाढे पंचावन्न.

नंतर तिथं हरळी लावा. भरावाला तिच्यासारखं पांघरूण नाही.

पेव्हर ब्लॉक, बाकडी, खांब: माथ्यावर काहीही नको. खांबाचा पाया म्हणजे भरावात खड्डाच. आणि ब्लॉकखाली भेग पडली तर ती कुणाला दिसणार?

गोदाकाठचा

काका, खेकड्यांचं राहिलं. २०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं. खेकडा धरण फोडतो की नाही, एकदाचं सांगून टाका 😀

जुना_ओव्हरसियर

तिवऱ्यात माणसं गेलीत, हसण्यावारी नको.

बीळ खेकडा करतो, घूस करते, साळिंदर तर चांगला माणूस शिरेल एवढं करतं. पण ती बिळं एका रात्रीत होत नाहीत. दर पावसाळ्याआधी आणि नंतर भराव चालून पाहायचा, बीळ दिसलं की शेवटापर्यंत उकरून चिकण मातीनं ठोकून भरायचं. हे काम खेकडा करणार नाही.

रानवेडी_परभणी

तावरजाकाठ, तुमचं तळं मला आत्ताच पाहावंसं वाटतंय.

ओव्हरसियर काकांचं म्हणणं मला पटत नाही असं लिहायला बसले होते, पण त्यांनी दिलेला महिना पाहून निम्मा राग गेला. सुगरणींची वीण पावसाळ्यात असते, दिवाळीच्या सुमाराला पिल्लं उडून गेलेली असतात. मार्च-एप्रिलमध्ये जे लटकत असतं ते रिकामं असतं. तेव्हा अंडी-पिल्लांचा प्रश्न येत नाही.

उरलेला निम्मा राग असा की सुगरणी वर्षानुवर्षं त्याच झाडांवर येतात. पाण्यावर वाकलेली काटेरी फांदी त्यांना का आवडते ते सांगायला नको, साप आणि खारी तिथवर जायला कचरतात. ती फांदी गेली तर पुढच्या जूनमध्ये त्यांनी जायचं कुठं? म्हणून एका दमात सगळं साफ करू नका. तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथं भराव नाही आणि पाणी पसरट आहे, तिथं या पावसाळ्यातच देशी बाभळी लावा. देशी बाभळीला काही महिने पाय पाण्यात राहिले तरी चालतं. शिंदी लावता आली तर उत्तम. चार-पाच वर्षांत फांद्या खोप्याजोग्या होतील. तोवर भरावावरच्या थोड्या बाभळी राहू द्या ना.

काका, थोड्या?

जुना_ओव्हरसियर

मधल्या उंच भागात एकही नाही. तिथं पाण्याचा दाब सगळ्यात जास्त.

पण भराव दोन्ही टोकांना जमिनीला मिळतो तिथं तो कंबरेएवढाच असतो, पूर्ण भरल्यावरच पाणी लागतं. सांडव्याच्या विरुद्ध टोकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमधली झाडं चार वर्षं राहिली तर मी हरकत घेणार नाही. सांडव्याच्या बाजूची नाही, तिथं तुटलेली फांदी वाहून सांडव्यात अडकते.

रानवेडी_परभणी

चालेल! तावरजाकाठ, त्या टोकाला खोपे आहेत का?

तावरजाकाठ

आहेत, पण मधल्यापेक्षा कमी. त्या टोकाला दोन वाकड्या बाभळी आहेत, त्यांवर भरपूर. आता जाऊन पाहतो.

हरभरा_गेला

सुगरणीचं मिटलं का? मग आमचं पण ऐका.

माझं रान असल्याच एका तळ्याला लागून हाय, निलंग्याकडं. तुमाला रोही बघून लई बरं वाटायलंय, मला त्यो रातीला हरभऱ्यात दिसायलाय. रोही, हरणं, रानडुकरं. पाणी हितं, खायाला हितं, मग ती जातील कशाला? बायकूच्या, आईच्या, भावजयीच्या सगळ्या जुन्या साड्या बांधाला बांधून झाल्या. पहिले आठ दिस हरणं भ्याली, आता साडीखालून वाकून येतेत. डुकराला तर साडी काय अन् तार काय.

पाखरं मोजणाऱ्यांनी एक रात माझ्या माळ्यावर काढावी, थंडीत. मग बोलू.

रानवेडी_परभणी

दादा, तुमचं खोटं नाही. शहरातून दुर्बीण घेऊन येणाऱ्याला तळं दिसतं, त्याच्या शेजारचं पीक दिसत नाही.

रानडुक्कर, हरीण, रोही यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत तक्रार द्यावी लागते आणि पंचनामा व्हावा लागतो. बरेच जण तिथंच अडकतात, कारण तोवर पीक सावरतं किंवा आणखी खाल्लं जातं. फोटो काढून त्याच दिवशी अर्ज द्या.

हरभरा_गेला

दिलाय ताई. मागल्या सालचा. हेलपाट्याचं भाडं भरपाईपेक्षा जास्त व्हायलंय.

जुनं_पान

थोडं अवांतर. ही तळी आली कुठून ते नव्या पिढीला माहीत असावं म्हणून लिहितो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात धान्य नव्हतं आणि हाताला कामही नव्हतं. खडी फोडणं, नाला बांध, रस्ते, पाझर तलाव अशी कामं निघाली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पुढं देशानं केला तो कायदा त्यानंतर पाव शतकानं.

आमच्याकडच्या बायका अजून बोलतात, अमुक तळ्यावर मी पाटी वाहिली, तमुक माझ्या पाटीवरच जन्मला. ही तळी बांधताना पक्ष्यांचा विचार कुणाच्या मनातही नसणार. पण पाणी थांबलं की रान त्याच्याभोवती गोळा होतंच. पैठणचं नाथसागर घ्या. तेही मातीचंच धरण, लांबी दहा किलोमीटरच्या घरात. बांधलं शेतीसाठी आणि १९८६ मध्ये त्याच्या फुगवट्यावर पक्षी अभयारण्य जाहीर करावं लागलं. कंधारचं जगत्तुंग सागर तर राष्ट्रकूटांच्या काळातलं मानतात.

मुक्काम_पिंपरी

मूळचा लातूरचा, नोकरीला पुण्याकडं. धागा आवडला, पण सगळे जण 'हे नको ते नको' करताय. गावात तरुणांना करायला काय आहे? पायडल बोट, दोन टपऱ्या, येळवसच्या दिवशी बाहेरचे पाहुणे, चार पोरांना रोजगार मिळतो. पक्षी काय, सवय झाली की बोटीला भीत नाहीत.

रानवेडी_परभणी

बदकं भितात. तळं लहान आहे, त्यांना सरकून बसायला दुसरा कोपरा नाही. एक बोट पाण्यात उतरली की अख्खा थवा उठतो, दोन चकरा मारतो आणि दुसऱ्या तळ्यावर निघून जातो. त्यातली बरीच बदकं हिमालय ओलांडून आलेली असतात आणि परत जायचं असतं, त्यांना थंडीभर खाऊन अंगावर चरबी धरायची असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोट नको, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या त्या चार पोरांना दुर्बीण आणि पक्ष्यांची ओळख शिकवा. जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यात तुमचं तळं घालता येईल. रोजगार लगेच होणार नाही हे मान्य.

ताटवा_संभाजीनगर

आमच्याकडे दिल्ली दरवाज्याजवळच्या सलीम अली सरोवराबद्दल हाच वाद वर्षानुवर्षं चाललाय, लोकांना किती खुलं करायचं म्हणून. (त्याचं जुनं नाव खिज्री तलाव.) दोन्ही बाजूंच्या सभा मी ऐकल्यात. शहरात तळ्याला कुंपण तरी घालता येतं. गावच्या तळ्याला कुंपण घालून कसं चालेल? गुरं कुठं जाणार?

माझा अनुभव इतकाच की माणसांना बसायला एक चांगली जागा करून दिली की ती बाकीच्या काठावर फिरकत नाहीत. सावली, सपाट दगड, पाण्यात उतरायला चार पायऱ्या. मनुष्यप्राणी आळशी आहे, पायवाट जाईल तिकडंच जातो.

तावरजाकाठ

ताटवा, ही जागा आहे आमच्याकडे. गावाकडच्या बाजूला जुना वड आहे, तळ्याचा काठ तिथं मुरमाड, चिखल नाही. बैल तिथंच धुतात.

आज भरावावर जाऊन आलो. ओव्हरसियर काका, तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, कोरड्या बाजूला पायथ्याशी म्हशी बसतात तिथं जमीन कायम ओली आहे, लव्हाळा उगवलाय.

दोन, सांडव्याच्या खालची नाली एकानं नांगरून आपल्या रानात घेतलीय.

तीन, सांडव्याच्या तोंडावर वाळूच्या गोण्यांची दोन थरांची ओळ आहे. विचारलं तर कळलं, दोन वर्षांपूर्वी पाऊस कमी होता तेव्हा जास्त पाणी अडावं म्हणून लावल्या, मग राहून गेल्या.

जुना_ओव्हरसियर

राहून गेल्या!

अहो, त्या रात्री माथा हातभर का उरला त्याचं उत्तर त्या गोण्यांत आहे आणि तुम्ही बाभळींची चर्चा करताय. मातीच्या भरावावरून पाणी गेलं तर तो टिकत नाही. माथ्यावरून एक धार सुटली की ती स्वतःच खोल होत जाते, तासाभरात खिंडार पडतं. म्हणून पूर्ण भरलेलं पाणी आणि माथा यांच्यात अंतर सोडलेलं असतं. ते अंतर गावानं गोण्या लावून खाल्लं. वर नाली नांगरली, म्हणजे सांडव्यातून निघालेलं पाणी तुंबणार किंवा वळून भरावाचा पायथा धुणार. मी नोकरीत होतो तेव्हा असल्या गोण्या मी स्वतः उचलून टाकल्यात आणि शिव्याही खाल्ल्यात.

गोण्या उद्या काढा. नाली मोकळी करायला तलाठ्याला घेऊन जा, मोजणी निघेल.

ओलीचं: थोडं पाझरणं हे पाझर तलावात चालतंच. तिथं छोटा खड्डा करून पाणी साठू द्या आणि बाटलीत भरून घ्या. नितळ असेल तर दर पंधरा दिवसांनी पाहत राहा, खुणेला काठी ठोका, ओल पसरते का बघा. गढूळ असेल, किंवा तळं भरल्यावर धार वाढत असेल, तर आतली माती निघायला लागली. त्याच दिवशी जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. म्हशींना तिथून उठवा, खुरांनी पायथा उकरला जातो.

आणखी एक सांगून ठेवतो. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आहे, १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटींवर. तुमचं तळं त्यात बसत नाही. म्हणजे दरवर्षी कुणी येऊन तपासेल अशी वाट पाहू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर गावानंच चालून बघायचं.

जाळंवाला

आमचा बाप-आजा मासेमारीतला. दोन-तीन तळ्यांचा ठेका असतो आमच्या संस्थेकडं. कुणी मासळीचं बोललंच नाही म्हणून लिहितो.

असल्या तळ्यात श्रावणात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडायची आणि पाणी आटायच्या आत काढायची. वर्षभर पाणी राहत नाही म्हणून मासा फार मोठा होत नाही. चिलापी कुणी सोडत नाही, ती आपली आपण येते. आफ्रिकन मांगूर मात्र कुणी सोडू देऊ नका, बंदी आहे त्याला. तो बाकीचे मासे आणि बेडूक सगळं खातो.

पाणकावळ्यांची तक्रार मी करणार नाही, त्यांचं पोट किती. पण तळ्याचा गाळ काढताना जेसीबीवाले सरळ उभ्या कडांचे खड्डे करतेत ना, ते बंद करा. पावसाळ्यात सगळं पाणी एकसारखं दिसतं, पोरगं गुडघाभर पाण्यातून चालत चालत एकदम दोन पुरुष खड्ड्यात. आमच्याकडं झालंय असं. लेकरू आम्हीच जाळ्यानं काढलं.

तावरजाकाठ

हे लिहिलंत ते बरं केलं. येत्या उन्हाळ्यात गाळ काढायचा विचार चालू आहे, गाळमुक्त धरण योजनेतून. शेतकऱ्यांना गाळ रानात हवाच आहे. सगळ्यांचा आग्रह, जेवढं खोल तेवढं चांगलं.

जुना_ओव्हरसियर

गाळ जरूर काढा. पाझर तलावाच्या तळावर बारीक गाळाचा थर बसला की पाणी खाली मुरतच नाही, नुसतं उन्हानं उडतं. आपल्याकडं मे महिन्यात रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, तेवढं विहिरींना जायला हवं होतं.

पण गाळ काढायचा, मुरूम नाही. मुरूम रस्त्याला विकायचा मोह होतो तिथं बिघडतं. भरावाच्या पायथ्यापासून लांब राहायचं, तिथली काळी माती उकरली तर पाणी भरावाखालून वाट शोधतं. आणि जाळंवाल्यांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. खड्ड्याच्या कडा उतरत्या ठेवा, एकास तीनचा उतार, गुरं उतरतील-चढतील एवढा.

रानवेडी_परभणी

उतरत्या कडा मलाही हव्या आहेत! शेकाटे, तुतारी, चमचे, सगळे घोट्याएवढ्या पाण्यात चरतात. सगळं तळं खोल केलं तर फक्त वारकरी आणि टिबुकल्या उरतील. वरच्या अंगाचा पसरट भाग तसाच राहू द्या. काढलेल्या गाळातला थोडा तिथंच टाकून दोन उंचवटे करता येतील, पाण्यात बेट होतं, कुत्री पोचत नाहीत.

फक्त जेसीबी घालण्याआधी सकाळी एक फेरी मारा. एप्रिल-मेमध्ये टिटवी आणि शेकाट्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांत खडे दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजायचं जवळच आहेत. चारी बाजूंनी मोठे दगड ठेवून खूण करा, मशीन दुसऱ्या टोकापासून सुरू करा. चारेक आठवड्यांत पिल्लं निघून चालायला लागतात.

हरभरा_गेला

टिटवीनं अंडी उंचावर घातली का खोलात ते पण बघा. उंचावर असली तर पाऊस लई. मागल्या साली आमच्याकडं बांधावर चढून घातली हुती. मी सांगितलं तर पोरं हसली.

गोदाकाठचा

ओव्हरसियर काका, हवामान खात्यात टिटवीची भरती करायला काही हरकत?

ताटवा_संभाजीनगर

तळ्यात गाळपेर करतात का तुमच्याकडं? पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात टरबूज, काकडी, कडवळ? आमच्याकडे करतात. खतपाण्याविना पीक येतं म्हणून लोक तुटून पडतात, पण अलीकडं त्यावर फवारणीही होते आणि तेच पाणी गुरं पितात. ते आधी बघून घ्या.

तावरजाकाठ

गाळपेर दोघंच करतात. फवारणी बंद करायचं बोललोय, एक तयार झालाय, दुसऱ्याचं अजून चाललंय.

बाकी खबर अशी. गोण्या काढल्या. मी आणि पोरांनी. एक म्हातारे येऊन म्हणाले, पाणी सोडून देताय, पाप लागेल. त्यांना सप्टेंबरची रात्र आठवून दिली तेव्हा गप्प बसले, पण पटलं असं वाटलं नाही. ओलीचं पाणी बाटलीत भरलं, नितळ आहे. म्हशींचा मालक माझा चुलता, त्यामुळं म्हशी अजून तिथंच बसतात.

काल ग्रामसभेत विषय घेतला. माथ्यावरचे पेव्हर ब्लॉक रद्द झाले, म्हणजे निदान इतिवृत्तात तरी. बसायची सोय वडाखाली, मुरमाड काठावर. बाभळींचं काकांनी सांगितलं तसं: मधल्या भागातल्या मार्चनंतर, टोकाच्या दोन वाकड्या ठेवायच्या, वरच्या अंगाला शाळेतल्या पोरांकडून बाभळीचं बी टोकून घ्यायचं. बोटीवर मतं फुटली. सरपंचांनी बोट पुढच्या वर्षावर ढकलली, कारण पैसेच नाहीत. नालीची मोजणी लागलीय, त्यावरून भावकीत बोलाचाली बंद आहे.

येळवसला कुणाला यायचं असेल तर या. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आमच्याकडं. गाड्या शाळेच्या मैदानात लावायच्या, भरावावर चढवायच्या नाहीत. डीजे नाही.

रानवेडी_परभणी

येते! दुर्बीण आणते, दोन जास्तीच्या. पत्रावळी पळसाच्या ठेवा, थर्माकोलच्या नको.

जुना_ओव्हरसियर

मला जमलं तर येईन. तुमच्या चुलत्यांशी म्हशींबद्दल मी बोलतो. भराव चालायला काठी आणा, बिळात घालून बघता येते.

हरभरा_गेला

मी बी येतो, निलंगा काय लांब न्हाई. तेवढं त्या सरपंचाला इचारून ठेवा, पेव्हर ब्लॉकचं पैसं वाचलं त्यात तळ्याकडंच्या रानांना झटका मशीन बसवलं का म्हणावं. तुमच्याकडं बसलं तर आमच्या सरपंचाला दाखवाया मला फोटू पायजे.